जलजन्य रोगजंतूंविरुद्ध वनस्पतिजन्य संयुगे

जलजन्य रोगजंतूंविरुद्ध वनस्पतिजन्य संयुगे म्हणजे वनस्पतींच्या साल, पान, फळ, बी, मूळ इत्यादी भागांत तयार होणारी आणि दूषित पाण्यातून पसरणाऱ्या जीवाणूंची वाढ रोखणारी, त्यांना मारणारी किंवा त्यांची रोगकारक शक्ती कमी करणारी रासायनिक द्रव्ये होत. टॅनिने, अल्कलॉइडे, फ्लॅव्होनॉइडे, सुगंधी तेलांतील फिनॉले आणि काही बियांतील प्रथिने हे त्यांचे प्रमुख गट आहेत. पटकी (कॉलरा), विषमज्वर (टायफॉइड), आमांश आणि अतिसार या रोगांच्या जीवाणूंवर त्यांचा परिणाम अभ्यासला जातो.

या विषयात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जाण्याचा संभव असतो: पाणी निवळणे, पाण्यातील जीवाणू मारणे आणि रुग्णाच्या आतड्यातील विकार शमवणे. एकच वनस्पती ही तिन्ही कामे करते असे क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांच्या परिसराच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

परिसर

पेण व रोहा हे महाराष्ट्राच्या कोकण विभागातील रायगड (१९८१पर्यंतचे नाव कुलाबा) जिल्ह्यातील दोन तालुके आहेत. पेण शहर भोगावती नदीच्या, तर रोहा शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. कुंडलिका पुढे रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने उन्हाळ्यात अनेक वाड्यांना पाणीटंचाईला तोंड द्यावे लागते. पेणच्या पश्चिमेकडील खारेपाट धरमतर खाडीच्या भरतीच्या पाण्याला लागून असल्यामुळे तेथील भूजल खारट असते. पूर्वेकडील डोंगराळ भागात ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. अशा वाड्यांत विहीर, झरा किंवा ओढ्याच्या पात्रात खणलेला डवरा हे पाण्याचे परंपरागत स्रोत होत.

जलजन्य रोगांच्या दृष्टीने वर्षातील दोन काळ विशेष धोक्याचे असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस स्रोत आटतात आणि उरलेल्या थोड्या पाण्यावर अनेकांची भिस्त राहते. त्यानंतर पहिल्या पावसात जमिनीवरील घाण वाहून विहिरींत व झऱ्यांत उतरते आणि पाणी गढूळ होते. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आरोग्य यंत्रणेमार्फत गावांतील पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण केले जाते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते.

जलजन्य रोगजंतू

पाण्यातून पसरणाऱ्या प्रमुख रोगकारक जीवाणूंमध्ये पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी, विषमज्वराचा साल्मोनेला टायफी, रक्ती आमांशाचे शिगेला आणि एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या जीवाणूचे रोगकारक प्रकार यांचा समावेश होतो. १८५४ मध्ये लंडनमधील पटकीच्या साथीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी असल्याचे जॉन स्नो यांनी दाखवले. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त व कलकत्ता येथे पटकीचा जीवाणू वेगळा केला. हा जीवाणू आतड्यात एक विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार बाहेर पडतात, हे कलकत्त्यातील शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. या शोधामुळे जीवाणू न मारता केवळ त्याचे विष निष्प्रभ करूनही रोगाची तीव्रता कमी करता येईल, ही दिशा खुली झाली.

वरील सर्व जीवाणू ग्रॅम-ऋण गटातील आहेत. त्यांच्या पेशीभोवती एक जादा बाह्यपटल असते आणि आत शिरलेली परकी द्रव्ये बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंपही असतात. त्यामुळे त्वचेवर आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-धन जीवाणूंवर प्रभावी ठरणारी अनेक वनस्पतिजन्य संयुगे या जीवाणूंवर तुलनेने दुर्बळ ठरतात.

रोग होण्यासाठी लागणारी जीवाणूंची संख्या प्रत्येक रोगात वेगळी असते. पटकीसाठी निरोगी माणसाच्या पोटात सामान्यतः लाखो जीवाणू जावे लागतात. शिगेलाचे मात्र १० ते १०० जीवाणूही पुरेसे ठरू शकतात.

संयुगांचे गट व कार्यपद्धती

टॅनिने: साली व फळांना तुरटपणा देणारी ही बहुफिनॉले प्रथिनांना बांधून ठेवतात. जीवाणूंची विकरे व पृष्ठभागावरील प्रथिने त्यामुळे निकामी होतात. जीवाणूंना आवश्यक असणारे लोहही टॅनिने अडवून ठेवतात. हिरडा, बेहडा, खैर, डाळिंबाची साल यांत टॅनिनांचे प्रमाण मोठे असते.

अल्कलॉइडे: दारुहळदीतील बर्बेरीन आणि कुड्याच्या सालीतील कोनेसीन ही या गटातील परिचित उदाहरणे आहेत. पिवळ्या रंगाचे बर्बेरीन जीवाणूच्या डीएनएशी जोडले जाते. गुळवेलीतही ते अल्प प्रमाणात आढळते.

सुगंधी तेलांतील फिनॉले: ओव्यातील थायमॉल आणि लवंग व तुळशीतील युजेनॉल जीवाणूच्या पेशीपटलात शिरून ते सच्छिद्र करतात. त्यामुळे पेशीतील पोटॅशियमसारखे आयन बाहेर गळतात व जीवाणू मरतो.

धनप्रभारित प्रथिने: शेवग्याच्या बियांतील लहान आकाराची प्रथिने धनप्रभारित असतात. पाण्यातील मातीचे कण व जीवाणू यांचा पृष्ठभाग ऋणप्रभारित असल्याने ही प्रथिने त्यांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसतात. ही प्रथिने जीवाणूंच्या पेशीपटलालाही इजा करतात, असे दिसून आले आहे.

काही संयुगे जीवाणूला न मारता त्याची रोगकारक शक्ती कमी करतात. मिरचीतील कॅप्सायसीन पटकीच्या जीवाणूकडून होणारी विषाची निर्मिती घटवते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात आढळले. मिरची खाल्ल्याने पटकी टळते किंवा बरी होते, असा याचा अर्थ नाही.

वनस्पतीतील एका संयुगाचा परिणाम दुसऱ्यामुळे वाढू शकतो. दारुहळदीच्या प्रजातीतील काही वनस्पतींत बर्बेरीनबरोबर आढळणारे एक संयुग जीवाणूचा निःसारण पंप बंद पाडते आणि त्यामुळे बर्बेरीन पेशीत टिकून राहते, हे २००० मध्ये दाखवण्यात आले. हा प्रयोग स्टॅफिलोकॉकस ऑरियस या ग्रॅम-धन जीवाणूवर झाला होता.

परिसरातील वनस्पती

पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगरउतारांवर पानझडी व निमसदाहरित वने आहेत. १९८६ मध्ये घोषित झालेल्या फणसाड वन्यजीव अभयारण्याचा काही भाग रोहा तालुक्यात येतो. या परिसरात व एकूण कोकणात आढळणाऱ्या पुढील वनस्पतींचा अतिसार व आमांशाशी परंपरेने संबंध जोडला जातो.

खैर: खैराच्या खोडाच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून व तो काढा आटवून कात तयार करतात. कातात कॅटेचीन, एपिकॅटेचीन व टॅनिने असतात. कातकरी या समाजाचे नाव कात बनवण्याच्या या व्यवसायावरून पडले, असे मानले जाते. त्यांना काथोडी असेही म्हणतात. भारत सरकारने कातकरी समाजाचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. जंगलावर निर्बंध आल्यानंतर कात बनवण्याचा व्यवसाय मागे पडला आणि अनेक कुटुंबे कोळसा पाडणे व वीटभट्टीवरील हंगामी मजुरीकडे वळली. अतिसारावर वापरल्या जाणाऱ्या एका तुरट औषधाला ज्यांच्या श्रमाने बाजार मिळाला, त्यांच्याच वस्त्यांत सुरक्षित पाण्याचा प्रश्न अनेक ठिकाणी कायम राहिला.

कुडा (कुटज): पांढऱ्या फुलांचे हे लहान झाड कोकणात सर्वत्र आढळते. सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड अमीबाजन्य आमांशावर वापरले गेले आहे. आयुर्वेदातील कुटजारिष्ट व कुटजघनवटी ही औषधे याच सालीपासून बनवतात.

बेल: कच्च्या फळाचा गर वाळवून अतिसारावर देण्याची प्रथा आहे.

पेरू: कोवळ्या पानांचा काढा हा भारताप्रमाणेच उष्ण कटिबंधातील अनेक देशांत जुलाबावरील घरगुती उपाय आहे.

करंज व नागरमोथा: करंज नदीकाठी व समुद्रकिनाऱ्यालगत, तर नागरमोथा शेतात तण म्हणून वाढतो. करंजाची पाने व नागरमोथ्याचे कंद औषधात वापरतात.

शेवगा: परसात लावल्या जाणाऱ्या या झाडाच्या वाळलेल्या बिया पाणी निवळण्यासाठी उपयोगी पडतात.

मुंबईतील अभ्यास

महाराष्ट्रातील या विषयावरील महत्त्वाचे संशोधन वरळी, मुंबई येथील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत झाले. शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया या संस्थेशी निगडित होते. अतिसारावरील परिचित वनौषधींचे काढे तपासताना संशोधकांनी जीवाणू मरतो की नाही एवढेच न पाहता जीवाणूचे आतड्याच्या पेशींना चिकटणे, पेशीत शिरणे, विष तयार करणे आणि त्या विषाचे पेशीवरील ग्राहकाशी जोडले जाणे हे टप्पे स्वतंत्रपणे तपासले.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्च्या बेलफळाच्या काढ्याचा चाचणीतील सहांपैकी एकाही जीवाणूच्या जिवंत राहण्यावर परिणाम झाला नाही. जिआर्डिया हा आदिजीव व रोटाव्हायरस यांच्यावर मात्र परिणाम दिसला. काढ्यामुळे जीवाणूंचे पेशींना चिकटणे व त्यांत शिरणे लक्षणीयरीत्या कमी झाले. तसेच पटकीच्या विषाच्या निर्मितीवर आणि ते पेशीवरील ग्राहकाशी जोडले जाण्यावर परिणाम झाला.

२०१० मधील पेरूच्या पानांच्या अभ्यासाचे निष्कर्ष काहीसे वेगळे होते. या काढ्याने शिगेला फ्लेक्सनेराय व व्हिब्रिओ कॉलरी या जीवाणूंवर थेट परिणाम केला आणि पटकीच्या विषाची निर्मितीही घटवली. पेरूच्या पानांतील प्रमुख क्रियाशील घटक मानले जाणारे क्वेर्सेटीन स्वतंत्रपणे तपासले असता, वापरलेल्या प्रमाणात त्याने जीवाणू मारले नाहीत. काढ्याचे सर्व गुण एका संयुगात शोधता येत नाहीत, असे यावरून दिसते. करंजाच्या पानांच्या २००६ मधील अभ्यासातही काढा जीवाणूनाशक आढळला नाही, परंतु पटकीच्या विषाची निर्मिती व जीवाणूंचा पेशींत होणारा शिरकाव त्याने कमी केला.

या अभ्यासांचा पाण्याच्या दृष्टीने अर्थ महत्त्वाचा आहे. बेलाचा काढा आतड्यात उपयोगी ठरण्याची शक्यता असली, तरी तो दूषित पाण्यात मिसळल्याने त्यातील जीवाणू मरणार नाहीत.

पाणी निवळणे व निर्जंतुक करणे

बियांनी पाणी निवळण्याची पद्धत भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याच्या सात साधनांत कतक म्हणजे निवळीच्या फळाचा उल्लेख येतो. निवळी हे मराठी नावच निवळणे या क्रियेशी जोडलेले आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या फळाचा दृष्टान्त आहे: कतकाच्या फळाने पाणी निवळत असले, तरी केवळ त्याचे नाव घेतल्याने ते निवळत नाही, असा त्याचा आशय आहे.

शेवग्याच्या बियांचा अशाच प्रकारचा वापर सुदानमध्ये प्रचलित होता. तेथील पद्धतीचा अभ्यास १९७० व १९८०च्या दशकांत सामिया अल अझारिया यान यांनी केल्यानंतर तिला जगभर प्रसिद्धी मिळाली. बियांचे पीठ पाण्यात कालवून गाळतात, ते दूध गढूळ पाण्यात घालून ढवळतात आणि गाळ तळाशी बसू देतात. गाळाबरोबर ९० ते ९९ टक्के जीवाणूही खाली जाऊ शकतात. शेवग्याच्या बियांतील एक आयसोथायोसायनेट संयुग स्वतंत्रपणे जीवाणुरोधी असल्याचे १९८१ मध्ये दाखवले गेले.

या पद्धतीत दोन अडचणी आहेत. पहिली अडचण उरलेल्या जीवाणूंची आहे. पाण्यात १,००,००० जीवाणू असतील आणि ९९ टक्के कमी झाले, तर १,००० उरतात. शिगेलाच्या संसर्गासाठी ही संख्या पुरेशापेक्षा कितीतरी अधिक आहे. दुसरी अडचण बियांतून पाण्यात उतरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची आहे. हे द्रव्य जीवाणूंचे अन्न बनते आणि पाणी साठवल्यास एक-दोन दिवसांत त्यांची संख्या पुन्हा वाढते. या दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून शेवग्याचे प्रथिन वाळूच्या कणांवर चढवून, बाकीचे द्रव्य धुऊन टाकून त्या वाळूतून पाणी गाळण्याचा प्रयोग अमेरिकेत करण्यात आला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

निवळणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे, तरी पहिल्या क्रियेमुळे दुसरी सुकर होते. गढूळ पाण्यातील माती व सेंद्रिय कण क्लोरीन खर्च करतात आणि जीवाणूंना आडोसा देतात. म्हणून पावसाळ्यात प्रथम तुरटीने पाणी निवळून मग त्यात टीसीएल पावडर (विरंजक चूर्ण) किंवा क्लोरीनचे द्रावण घालतात. शेवगा किंवा निवळी यांचे उचित स्थान तुरटीच्या जागी आहे. क्लोरीन किंवा उकळणे यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

चाचणी व मोजमाप

वनस्पतीच्या अर्काची प्राथमिक चाचणी बहुधा निरोधक्षेत्र पद्धतीने करतात. जीवाणू वाढवलेल्या आगरच्या थाळीत अर्क ठेवून त्याभोवती जीवाणूविरहित वर्तुळ किती मिलिमीटरचे पडते, हे मोजले जाते. वर्तुळाचा आकार संयुगाच्या शक्तीबरोबरच ते आगरमध्ये किती सहज पसरते यावरही अवलंबून असतो. म्हणून केवळ वर्तुळांच्या तुलनेवरून एखादी वनस्पती श्रेष्ठ ठरवता येत नाही. त्यापुढील टप्प्यात जीवाणूंची वाढ थांबवणारे अर्काचे सर्वांत कमी प्रमाण, म्हणजे किमान निरोधक संहती, काढतात. अर्कासाठी मिथेनॉल किंवा इथेनॉल वापरले असल्यास तो निष्कर्ष घरगुती काढ्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

प्रमाणाचा प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या अर्काची किमान निरोधक संहती दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आहे असे मानल्यास २० लिटरच्या हंड्यासाठी २० ग्रॅम कोरडा अर्क लागेल आणि पाणी रंगीत व कडू होईल. दर लिटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याच हंड्याला क्लोरीन फक्त ४० मिलिग्रॅम लागतो.

भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये आणि क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ मधील निकषांनुसार घरगुती जलशुद्धीकरणाच्या साधनाने जीवाणू किमान ९९ टक्के आणि विषाणू किमान ९९.९ टक्के कमी करणे अपेक्षित आहे. सर्वोच्च श्रेणीसाठी जीवाणूंचे प्रमाण ९९.९९ टक्के घटावे लागते.

रुग्णावरील उपचार

बर्बेरीनच्या माणसांवरील चाचण्या भारतात व बांगलादेशात झाल्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत १६५ प्रौढ रुग्ण होते. ई. कोलायच्या विषामुळे अतिसार झालेल्यांपैकी बर्बेरीन मिळालेल्या ४२ टक्के रुग्णांचे जुलाब २४ तासांत थांबले; बर्बेरीन न मिळालेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. पटकीच्या रुग्णांत मात्र टेट्रासायक्लीनच्या जोडीला बर्बेरीन दिल्याने लक्षणीय लाभ झाला नाही.

अतिसारात मृत्यू प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने होतो. १९७१ मध्ये बोनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे दिलेल्या मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात हे दाखवून दिले. जलसंजीवनी (ओआरएस) हाच आजही प्रथमोपचार आहे. काढा दिला म्हणून जलसंजीवनी किंवा रुग्णालयात नेणे लांबवल्यास, विशेषतः लहान मुलांच्या जिवाला धोका संभवतो.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे वनस्पतिजन्य संयुगांकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेला विषमज्वराचा बहुऔषधरोधी प्रकार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मर्यादा व सुरक्षितता

वनस्पतीतील संयुगांचे प्रमाण ऋतू, जमीन, झाडाचे वय व वापरलेला भाग यांनुसार बदलते. वनस्पतीची ओळख चुकणे हाही मोठा धोका आहे. निवळी आणि काजरा (कुचला) या स्ट्रिक्नॉस या एकाच प्रजातीतील वनस्पती आहेत. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे तीव्र विष असते.

पाण्यात विरघळलेली रसायने हा वेगळा प्रश्न आहे. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. औद्योगिक सांडपाणी मिसळण्याची शक्यता असलेल्या कोणत्याही स्रोताचे पाणी उकळून, क्लोरीन घालून किंवा काढा मिसळून सुरक्षित होत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी आवश्यक असते.

पारंपरिक ज्ञान व कायदा

१९९७ मध्ये हळदीच्या जखमा भरून काढण्याच्या गुणावरील अमेरिकी पेटंट भारताच्या आक्षेपानंतर रद्द झाले. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाच्या नोंदींना महत्त्व आले. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात आणि त्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान यांच्या व्यापारी वापरातील लाभात स्थानिक समाजाला वाटा मिळावा, ही तरतूद या कायद्यात आहे. खैर, कुडा व हिरडा ओळखणाऱ्या कातकरी व ठाकूर समाजांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. ज्ञानाची नोंद आणि सुरक्षित पाण्याचा पुरवठा या दोन्ही स्वतंत्र गरजा असून एकीमुळे दुसरी पूर्ण होत नाही.